आबासाहेबांचा कौल

“अक्का, सांगून ठेवते, आज नैवेद्याला खिचडी आहे. आबासाहेबांना चालेल. तुम्हांला चालत नसेल तर तसं म्हणा.”

“आबासाहेबांना विचारलंस तू?”

“विचारलं की.”

“काय म्हणाले?”

“काही म्हणाले नाहीत. म्हणजे चालतं.”

“दुर्गे, जो माणूस शंभर वर्षांत एक शब्द बोलला नाही, त्याच्या गप्प राहण्याला तू होकार म्हणतेस? आज गुरुवार. गुरुवारी त्यांना गोड लागतं. आणि थंडीचा पहिला कडाका पडलाय, त्यात पातळ खिचडी खाल्ली तर त्यांना बाधेल.”

“दगडाला काय बाधतं हो अक्का!”

“हळू बोल!” अनसूयाबाईंनी कान टवकारून आत पाहिलं. “अजून उठले नाहीत.”

दुर्गाबाईंनी पदर कमरेला खोचला. “उठवा मग. आणि उद्याचं तुम्ही कशाला बोलता? तुम्ही तर चाललात भोपाळला. उद्यापासून मी खिचडी देईन, नाहीतर भाकरी देईन, नाहीतर सराफा बाजारातून जिलबी आणून देईन. तुम्ही जा एकदाच्या. माझ्या जिवाला शांती.”

“जायचं ठरलंय कुठं? आज कौल लावायचाय.”

“मग लावा!”

“लावतेच!”

दोघी जावा चबुतऱ्याच्या दोन टोकांना तोंडं करून बसल्या. मध्ये, नक्षीच्या घुमटाखाली, मच्छरदाणीत, वाघचौरे घराण्याचे मूळ पुरुष आबासाहेब पांढऱ्या संगमरवरात मांडी घालून बसले होते. जनकगंज पेठेच्या मागच्या बाजूला, चिंचेच्या झाडांआड, वाघचौऱ्यांच्या छत्र्या होत्या. घराण्यातल्या माणसांना जिथे अग्नी दिला तिथे त्यांच्यासाठी एकेक घुमट उभा करायचा, आणि थोरल्या पुरुषाची मूर्ती आत बसवायची. पण बसवून मोकळं व्हायचं नाही. ग्वाल्हेरच्या मराठा सरदारांची रीत अशी की, छत्रीतला माणूस गेलेला नाहीच. तो सकाळी उठतो, अंघोळ करतो, अंगरखा घालतो, जेवतो, दुपारी डुलकी काढतो, संध्याकाळी गाणं ऐकतो. ही सगळी उठबस करायला हुजरे असतात. अनसूयाबाई त्या हुजऱ्यांच्या घरात सून म्हणून आल्या, तेव्हा परकर सोडून नुकतं कुठे लुगडं नेसायला लागल्या होत्या.

पहिल्याच सकाळी सासूबाईंनी त्यांना आबासाहेबांपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, “पाया पड. हे आपले धनी. यांचा स्वभाव जरा तापट आहे.”

नव्या सुनेनं घाबरून वर पाहिलं. दगडी मिशा, दगडी डोळे. पण सासूबाई ज्या धाकानं बोलल्या, त्यानं तिला त्या डोळ्यांत राग दिसला तो दिसलाच. पुढे वर्षानुवर्षं ती त्या रागाला सांभाळत राहिली. कधी गरम पाण्यानं, कधी गोडाच्या शिऱ्यानं, कधी नुसत्या गप्पांनी. “आज वारा फार आहे हं आबासाहेब. शाल घेऊन बसा.” नवरा तुकोजी हसायचा. म्हणायचा, “माझ्याशी इतकं बोलत नाहीस.” ती म्हणायची, “तुम्ही मध्येच बोलता.”

तुकोजीनं तिला पगडी बांधायला शिकवलं. खरं तर ते पुरुषाचं काम. पण तुकोजीची बोटं थंडीत आखडत आणि आबासाहेबांना तर उघड्या डोक्यानं बसवता येत नाही. मग दार लावून घ्यायचं आणि अनसूयेनं स्वतःच्या गुडघ्यावर तो लांबलचक तलम कपडा पीळ देत देत गुंडाळायचा. शिंदेशाही पगडी, तिची चोच पुढे डौलात आली पाहिजे. पहिल्या वेळी तिची चोच निघाली बदकासारखी. तुकोजी पोट धरून हसला. ती रडकुंडीला आली. पण पगडी मूर्तीच्या डोक्यावर ठेवली आणि दोघंही बघत राहिले.

“आज हसल्यासारखे दिसतात,” तुकोजी म्हणाला.

तेव्हापासून पगडी अनसूयेची.

दुर्गा आली ती धाकट्या दिराची बायको होऊन. वर्षाच्या आत दीर तापानं गेला. माहेरचे न्यायला आले तर ही म्हणाली, “मी नाही येत, इथे स्वयंपाक कोण करील?” तिनं छत्रीची चूल धरली ती आजपर्यंत. हात चवदार, जीभ तिखट. अनसूयाबाईंशी रोज भांडायचं आणि भांडण अर्धवट ठेवून झोपायचं, म्हणजे सकाळी पुन्हा नव्यानं विषय शोधायला नको. मधू जन्मला तेव्हा त्याला अंघोळी घातल्या दुर्गेनं, आणि “आईसारखाच हट्टी निघणार” असं त्याच्या कानात सांगितलं तेही तिनंच.

तशी घरात भांडणं पुष्कळ, पण मोठ्या गोष्टींचा निकाल आबासाहेबच देत. अंघोळ झाली की ओल्या छातीवर गुलाबाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मधूला हुजरेगिरीत घालावा की शाळेत, हे असंच ठरलं. “आबासाहेब, पोराला शाळेत—” एवढं अनसूयेनं म्हणेपर्यंत उजवी पाकळी पडली.

“घाईत होते,” तुकोजी म्हणाला.

आणि रियासत विलीन झाली तो दिवस! शहरभर गलका, बाड्याच्या चौकात तिरंगे, लोक एकमेकांना पेढे भरवतायत, आणि इथे तिघं जण चबुतऱ्याखाली कुजबुजत उभी. आबासाहेबांना सांगायचं कोणी?

“तुम्ही सांगा,” अनसूया तुकोजीला म्हणाली. “तुम्ही थोरले.”

“मी नाही. राज्य गेलं हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? तू सांग. तुझ्याशी बरं वागतात.”

“उपाशीपोटी सांगू नका बाई,” दुर्गा म्हणाली. “मी आमरस करते.”

उन्हाळ्याचे दिवस होते. आबासाहेबांपुढे चांदीच्या वाटीत आमरस आला, मलमलीचा अंगरखा आला, वाळ्याचा पंखा आला. इतका थाट पाहून त्यांना तिथेच संशय यायला हवा होता. मग अनसूया त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “आबासाहेब, आता सगळ्यांचंच राज्य झालंय. म्हणजे तुमचं गेलं असं नाही. वाटून घेतलंय.”

पगडी जरा कलली.

“मान हलवली!” तुकोजी ओरडला.

“वाऱ्यानं,” दुर्गा म्हणाली. पण तिचेही डोळे भरले होते.

त्यानंतर एकेक माणूस गळत गेलं. शहनाईवाला बँडमध्ये लागला. संध्याकाळी गाणारे बुवा मुलाकडे उज्जैनला गेले, आणि त्यांची जागा दुर्गेनं घेतली. तिचा आवाज असा की चिंचेवरची माकडं उठून जात. वाघचौऱ्यांचे आताचे धनी मानसिंगराव पुण्याला स्थायिक झाले. जाताना म्हणाले, “अनसूयाबाई, जमेल तेवढं करा.” ते म्हणाले सहज. बाईंनी तो हुकूम मानला. जमेल तेवढं म्हणजे सगळं. दोन वर्षांनी तुकोजी गेला. त्या सकाळीही, डोळे पुसत पुसत, त्यांनी आधी आबासाहेबांची पगडी बांधली.

आणि आता हे भोपाळ. मध्यभारत मोडून नवा मोठा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि मोतीमहालातली सरकारी दफ्तरं पेट्यांत भरून निघाली. मधू, म्हणजे आता मधुसूदन तुकोजी हुजरे, त्याच दफ्तरात कारकून. त्यालाही बदलीचा हुकूम आला. बायको विमल, तिला सहावा महिना. तो आठवडाभर आईच्या मागे लागला होता.

“आई, चल ना. पक्का क्वार्टर मिळालाय. नळ आहे घरात, नळ!”

“आबासाहेब?”

“काकू आहेत ना.”

“तिला पगडी येत नाही. गाठोडं बांधते.”

“आई, मैं क्या बोलूँ आता! तू समजून का घेत नाहीस? विमलला पहिलं बाळंतपण, तिथे कोणी ओळखीचं नाही.”

विमल मात्र हट्ट करीत नसे. एवढंच म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही आलात तर मला भीती वाटणार नाही.” हे ऐकून अनसूयाबाईंची झोप उडाली. एका बाजूला अजून न जन्मलेलं नातवंड, दुसऱ्या बाजूला शंभरी ओलांडलेलं दगडी बाळ. दोघांनाही अंघोळ घालायची, दोघांनाही टोपडं. मनाचा लंबक इकडून तिकडे जाई आणि थांबत नसे. स्वतःच्या मनानं ठरवायची त्यांना सवयच नव्हती. म्हणून हा आजचा कौल.

मच्छरदाणी निघाली. दुर्गाबाईंनी भूपाळी सुरू केली. माकडं उठून गेली. अनसूयाबाईंनी आबासाहेबांना कोमट पाणी घातलं, पंच्यानं टिपलं, आणि त्या अंगरखा आणायला मागच्या खोलीत निघाल्या.

“आई, मी बसतो आबासाहेबांपाशी,” मधू म्हणाला.

अनसूयाबाई थबकल्या. हा मुलगा लहानपणी आबासाहेबांना भिऊन खांबामागे लपायचा. “बस,” त्या म्हणाल्या. “पाय पसरून बसू नकोस.”

परत आल्या तेव्हा मधू धोतराला हात पुसत निरांजनापाशी उभा होता. दुर्गाबाई फुलांची परडी घेऊन आल्या आणि त्याला म्हणाल्या, “मधू, जा, विहिरीवरून घागर आण.” तो गेला. मग दुर्गाबाई अनसूयाबाईंकडे वळल्या. “अक्का, पगडीचं कापड कुठे ठेवलंत? पेटीत नाही.”

“पेटीतच आहे.”

“नाही म्हणते ना!”

अनसूयाबाई पुन्हा आत गेल्या. कापड पेटीतच होतं, अगदी वर. ते घेऊन त्या पुटपुटत बाहेर आल्या, तर दुर्गाबाई बोट पदराला पुसत निमूट फुलं निवडत बसलेल्या.

“दिसत नाही का तुला हल्ली?”

“वय झालं,” दुर्गाबाई म्हणाल्या. ही बाई भांडल्यावाचून कबूल झाली, हे खरं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अनसूयाबाईंनी गुलाबाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. आबासाहेबांच्या छातीवर एक उजवीकडे, एक डावीकडे लावली. हात जोडले. मधू घागर घेऊन धावत आला, विमल खांबाला टेकून उभी राहिली, दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“आबासाहेब, उभा जन्म तुमच्या पायाशी गेला. आता पोराला माझी गरज आहे. मी भोपाळला जाऊ का?”

पाकळी सुळकन घसरली. चिकटायचं नावही घेतलं नाही तिनं. थेट मांडीवर.

डावी.

“नाही म्हणाले,” दुर्गाबाईंनी डोळे उघडले. “स्वच्छ नाही म्हणाले.”

“असं कसं?” मधू ओरडला. “उजवीकडची पडली! ही काय माझ्या उजव्या हाताकडची!”

“तुझ्या उजव्या हाताकडची म्हणजे आबासाहेबांच्या डाव्या हाताची,” अनसूयाबाई म्हणाल्या. “तू समोर उभा आहेस. कौल तुझा आहे का त्यांचा?”

मधूचा चेहरा उतरला. “अरे बाप रे,” तो हळूच म्हणाला, “मैंने तो उधर ही...” आणि थांबला.

“काय केलंस उधर?”

अनसूयाबाईंनी वाकून आबासाहेबांच्या छातीला बोट लावलं. बोट चकाकलं. नाकाशी नेलं.

“तूप!”

विमल पदर तोंडाला लावून हसू लागली. सहाव्या महिन्याचं पोट हसण्यानं हलू लागलं, तशी ती पायरीवर बसूनच हसली. मधू कान लाल करून उभा.

“निरांजनातलं तूप लावलंस आबासाहेबांना? पाकळी पडावी म्हणून? आणि ते पण भलत्याच बाजूला?”

“आई, मी लहानपणापासून समोरूनच बघत आलोय ना! मला वाटलं उजवी म्हणजे उजवी!”

“कारकून झालास रे, आणि डावं-उजवं कळेना. भोपाळात दफ्तरं कुठल्या कपाटात लावणारेस?”

“मग हा कौल बाद?” विमलनं हसू आवरत विचारलं.

“बाद कसा?” दुर्गाबाई एकदम पुढे आल्या. “डावी पडली ती पडली. आबासाहेबांनी तुपातून पण नाही म्हटलं. अजून काय पाहिजे?”

“तुपानं पडलेला कौल कौल नव्हे,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या पाकळीकडे बोट केलं. “ती मात्र खरी आहे, तिला कोणी हात लावलेला नाही. ती सुकून सुकून पडेलच. ऊन चौथऱ्यावर येईस्तोवर पडली तर मी येते, मधू. नाही पडली तर नाही येत.”

सगळे बसले. आबासाहेबांच्या अंगावर नुसती शाल पांघरली, छाती तेवढी उघडी. मधू पाकळीकडे टक लावून. फुंकर घालायला वाकला तर आईनं कोपर मारलं. चिंचेवर माकडं परत आली. ऊन पहिल्या पायरीवर आलं, दुसरीवर आलं. पाकळी सुकली, कडेनं वळली, तपकिरी झाली, पण पडेना.

“नाहीच पडत बघा,” दुर्गाबाई दर थोड्या वेळानं म्हणत. “त्यांची इच्छा नाही. मी तर म्हणते, उगाच हट्ट करू नये माणसानं.”

“तूच सकाळी म्हणालीस, जा एकदाच्या.”

“माझ्या म्हणण्याला काय विचारता! आबासाहेब काय म्हणतात ते बघा.”

अनसूयाबाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्या पाहत होत्या ते वेगळंच. आबासाहेबांच्या गुडघ्यावरून एक काळी मुंगी चढली. मग दुसरी. मग ओळ. पोटावरून, बेंबीवरून, छातीच्या उजव्या बाजूला, पाकळीच्या खाली शिरायची आणि पलीकडून लगबगीनं बाहेर यायची. आबासाहेबांना गुदगुल्या होत असणार.

त्या उठल्या. पाकळीची कड नखानं उचलली. पाकळी सुटेना. खाली चिकट, तपकिरी ठिपका. त्यांनी बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

गूळ. त्यात वेलदोडा. खिचडीत वेलदोडा कोण घालतं? म्हणजे खिचडी नुसती भांडणापुरती होती. गुरुवारचं गोड चुलीवर केव्हाचं शिजत होतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दुर्गाबाई फुलांच्या परडीत काहीतरी शोधत होत्या. परडी रिकामी होती.

अनसूयाबाईंच्या पोटातून हसू वर आलं. आधी नाकातून, मग खांदे हलवत. आणि मग त्या आबासाहेबांच्या गुडघ्याला धरून खो खो हसल्या, तुकोजीनं बदकाची चोच पाहून हसावं तशा. मधू घाबरून उठला.

“आई! काय झालं?”

“तू तूप लावलंस. हिनं गूळ लावला.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आबासाहेबांनी कोणाचं ऐकायचं रे? बिचारे सकाळपासून नुसती पोळी होऊन बसलेत!”

मग त्यांनी आबासाहेबांची छाती ओल्या पंच्यानं पुसली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. मुंग्या एकेक करून खाली उतरवल्या. अंगरखा चढवला. पगडीचा कपडा गुडघ्यावर घेतला आणि पीळ घालता घालता, कोणाकडे न पाहता बोलू लागल्या. जन्मात पहिल्यांदाच कौलावाचून.

“मधू, मी भोपाळात राहायला येत नाही. पण विमलचे दिवस भरत आले की तू मला न्यायला ये. बाळाला न्हाऊ घालीन, बारसं करीन, आणि परत येईन. सरकारी दफ्तर थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला इतकी वर्षं नाचलंच ना? तशी मीही नाचेन.”

“आणि तेवढ्या दिवसांत आबासाहेब?” मधूनं विचारलं.

“दुर्गा बांधेल पगडी.”

“गाठोडं बांधते म्हणालीस!”

“शिकवीन. माझी पहिली बदक झाली होती. हिची फार तर कोंबडी होईल.” त्यांनी चोच पुढे काढली, अंगठ्यानं दाबली, पगडी आबासाहेबांच्या डोक्यावर ठेवली, दोन पावलं मागे होऊन पाहिलं. मग वळल्या. “पण आधी एक सांग, दुर्गे. तू आलीस तेव्हापासून रोज म्हणत आलीस, जा एकदाच्या, माझ्या जिवाला शांती. मग गूळ का लावलास?”

दुर्गाबाईंनी रिकामी परडी उचलली. काखेत धरली. विमलच्या शेजारून, मधूच्या समोरून, पायऱ्या उतरून, चिंचेखालून त्या चुलीकडे चालत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.